हुरडा, कोकरू आणि केडगावची गाडी

थोरली चार वर्षांची झाली तेव्हा, म्हणजे २०१५ च्या सुमारास, आम्ही एक नेम धरला. अधूनमधून रविवारची उपासना आटोपली की डबा घेऊन पुण्याबाहेर पडायचं आणि मुलीला मोकळं हिंडू द्यायचं. धाकट्याचा जन्म त्यानंतरचा. मधली करोनाची दोन वर्षं घरातच गेली. आता ती नववीत आहे, तो चौथीत. या वर्षांकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळक जाणवते. आम्ही घरून ठरवून नेलेले बोधपाठ मुलांनी ऐकले आणि विसरून गेली. त्यांच्या हाताला जे लागलं ते मात्र टिकलं. पवित्र शास्त्रातलं कितीतरी आपल्या मातीत अजून हाताला लागतं.

हुरड्याचंच घ्या. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाची अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात शेती आहे. पौषात ज्वारी दुधाळ भरली की त्यांचं बोलावणं येतं. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर घ्यायचं, दुसऱ्या हाताने चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे चटणीबरोबर तोंडात टाकायचे. धाकटा सहा वर्षांचा होता. तळवा लाल होईपर्यंत त्याने चोळलं आणि म्हणाला, "आई, हे किती काम आहे!" त्याच आठवड्यात संडे स्कूलमध्ये लूकच्या सहाव्या अध्यायाची गोष्ट झाली होती: शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, शेतातून जाताना शिष्यांनी कणसं मोडली आणि हातावर चोळून खाल्ली. त्याने विचारलं, "मग ती चोरी नव्हती?"

चोरी नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रात वाटसरूला हाताने कणसं मोडायची मुभा आहे, फक्त विळा लावायचा नाही. नियमांबाबत कडक असलेल्या परूश्यांचा आक्षेप होता तो शब्बाथाला काम केल्याचा. चोळणं म्हणजे त्यांच्या लेखी मळणीच. हे मी कितीही समजावलं असतं तरी त्याला पटलं नसतं, पण हात दुखत असताना त्याला ते लगेच कळलं. "पण त्यांना भूक लागली होती ना," एवढंच तो म्हणाला आणि पुढचं कणीस उचललं. येशूने परूश्यांना दिलेलं उत्तरही भुकेपासूनच सुरू होतं. दावीद आणि त्याच्या सोबत्यांना भूक लागली तेव्हा त्यांनी काय केलं, याची तो त्यांना आठवण करून देतो.

त्याच शेतावर एकदा भुईमूग काढल्यानंतर सरवा वेचायला आलेल्या बाया दिसल्या. घरच्या आजी कोणालाही हटकत नव्हत्या. बायबलमधल्या सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट थोरलीला तोंडपाठ होती, पण रूथ दिवसभर कंबरेत वाकून असायची हे तिला तिथे उमजलं.

मात्र सगळ्यात खोल रुजलेला दिवस सासवडच्या बाजूचा. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेतले शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला सांगतात. शेतकऱ्यांना लेंडीखत मिळतं, धनगरांना धान्य. आम्ही पोचलो तेव्हा कळप चरून परतत होता आणि दिवसभर जाळीच्या कुंपणात ठेवलेली कोकरं सोडायची वेळ झाली होती. जाळी उचलली आणि एकच गलका उडाला. शेकडो काळ्या मेंढ्या ओरडत होत्या, त्यांच्यात कोकरं धावत होती आणि प्रत्येक कोकरू आपल्या आईला शोधत होतं. एक कोकरू भलत्याच मेंढीला लुचू लागलं. तिने त्याला ढुशी दिली. मेंढपाळाने त्याला एका पायाला धरून उचललं, कळपावरून नजर फिरवली आणि लांबच्या एका मेंढीपाशी नेऊन सोडलं. ती त्याचीच आई निघाली.

"तुम्हाला सगळ्या ओळखू येतात?" थोरलीने विचारलं.

"आपल्या पोरांना कोन वळकत न्हाई?" ते म्हणाले.

त्यांच्या कपाळावर भंडारा होता. खंडोबाची माणसं ती. चांगला मेंढपाळ आपली मेंढरं ओळखतो, हा योहानाचा दहावा अध्याय माझ्या मुलीला त्यांनी शिकवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. संडे स्कूलच्या भिंतीवरच्या चित्रातला मेंढपाळ पांढऱ्या झग्यात आहे आणि त्याची मेंढरंही पांढरी आहेत. त्या नाताळात मुलीने काढलेल्या चित्रात मेंढरं काळी होती, मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी होती आणि सामान लादलेल्या घोड्याच्या पाठीवरून एक कोकरू डोकावत होतं.

केडगावला आम्ही मुद्दाम उशिरा, गेल्या वर्षी गेलो. पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येतं. १८९६ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचं काम ५ एप्रिल १९२२ रोजी देवाघरी जाईपर्यंत करत राहिल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकामुलींच्या हातांनी छापलं गेलं. आवारात फिरताना धाकट्याने बोटांवर मोजलं: "आधी जेवल्या, मग वाचायला शिकल्या, मग बायबल छापलं." मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला दिलेलं अन्न प्रभू स्वतःला दिलेलं मानतो. त्यावर मी अनेक प्रवचनं ऐकली आहेत, पण क्रम इतक्या नेमकेपणाने कोणी लावलेला आठवत नाही.

थोरली मात्र गप्प होती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले, हे तिला तिथे कळलं. परतताना गाडीत तिने विचारलं, "ज्या मुलींपर्यंत बाई पोचल्याच नाहीत, त्यांचं काय?" आम्ही दोघांनी तो प्रश्न टाळला नाही, पण आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिने तो तसाच देवापुढे ठेवला.

यंदापासून ती आमच्या चर्चमधल्या लहान मुलांच्या वर्गाला मदत करते. पाळकांनी तिला सहल सुचवायला सांगितली, तर तिने हुरडा निवडला. केडगाव एवढ्यात नको म्हणते, इतक्या लहान मुलांना दुष्काळ सांगू नये असं तिचं मत. मला ते पटत नाही. त्या मुली जेवल्या, इथपासून सुरुवात केली तर पाच वर्षांच्या मुलालाही केडगाव झेपेल. आमचा वाद अजून चालू आहे आणि पौष आता जवळ आला आहे.