शोधनिबंध आणि गोवंडीची गल्ली

बकरी ईदच्या आधी जनावर पाहायला कधी देवनारला गेला असाल, तर तो परिसर तुम्हाला ठाऊक असेल. एकीकडे कत्तलखाना, दुसरीकडे 1927 पासून मुंबईचा कचरा झेलणारे डंपिंग ग्राउंड, आणि त्याच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. महापालिकेच्या याच एम-पूर्व विभागात टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या 24 विभागांत एम-पूर्व सर्वांत तळाला होता. देशभरातली मुले जिथे एम.ए. आणि पीएच.डी. करायला येतात ती संस्था आणि ही वस्ती, यांच्यात रिक्षाने थोड्याच वेळाचे अंतर आहे.

हे अंतर कापणाऱ्या मुलांविषयी आम्हाला लिहायचे आहे. निमित्त आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी. नाव छापू नका, असे तिने बजावले आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मराठी घेऊन बी.ए., मग समाजकार्यात एम.ए. करायला मुंबई. त्या अभ्यासक्रमात आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर, क्षेत्रकार्यात जातात. पहिल्या सुट्टीत ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे अब्बू आमच्या दारात. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "सर, फी वर्गात बसायची भरली. ही तर झोपडपट्ट्या फिरते. उद्या रिश्ता आला तर काय सांगू, काय शिकते म्हणून?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीला परक्या शहरात ठेवणाऱ्या बापाचा तो प्रश्न आहे. आम्ही त्यांना नागपाड्याची गोष्ट सांगितली. ही संस्था देवनारला जन्मली नाही. 1936 साली ती 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' या नावाने नागपाड्यात सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ तिथल्या गिरणी कामगारांच्या आणि गरिबांच्या वस्तीत आधीपासून नेबरहूड हाऊस चालवत होते. तेच पहिले संचालक. म्हणजे वस्ती आधी आणि वर्ग नंतर, असा हा क्रम आहे. अब्बू ऐकत होते, पण समाधान झालेले दिसले नाही.

खरी अडचण त्यांच्या लेकीला गल्लीत भेटली. हातात प्रश्नावली घेऊन ती एका खोलीच्या दारात उभी राहिली. घरात किती माणसे, पाणी कुठून, शौचालय किती लांब. आतली बाई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "बेटी, इस साल की चौथी है तू. पहली तीन का क्या हुआ?" मुलीकडे उत्तर नव्हते. आधीचे तीन फॉर्म कुठल्या तरी प्रबंधात आकडे होऊन बसले असतील. त्या प्रबंधांना गुण मिळाले असतील. बाईला काय मिळाले?

त्या रात्री तिने आम्हाला फोन केला तेव्हा ती रडत होती. 'सोडून दे' असे आम्ही म्हटले नाही, पण 'कर' असेही म्हणवले नाही. पुढच्या खेपेला ती फॉर्म न घेता गेली. त्या बाईचे रेशनकार्ड दोन वर्षे अडकले होते. मुलीने तिच्यासोबत बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. साधा कागद, 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ, 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक. 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली', एवढाच प्रश्न. गल्लीत बातमी पसरली आणि अर्जांची रांग लागली. शोधनिबंधाचा विषय त्या रांगेतूनच ठरला: कागद का अडतात. काही कार्डे निघाली, काही अजून निघालेली नाहीत.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. अभ्यास करणाऱ्याने बाजू घेतली तर अभ्यास खोटा ठरतो, असे काही प्राध्यापक मानतात. या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. आपल्याला हवे तेच आकडे उचलण्याचा मोह होतो. पण बिहारचे उदाहरण पाहा. याच संस्थेचा 'कोशिश' हा प्रकल्प 2006 पासून बेघर आणि भीक मागणाऱ्यांसोबत काम करतो. 2017 मध्ये बिहार सरकारने आपल्या निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण त्यांच्याकडे सोपवले. मोहम्मद तारिक यांच्या नेतृत्वाखालील छोट्या पथकाने 110 संस्था पाहिल्या. नुसती रजिस्टरे तपासून हे पथक थांबले नाही, आत राहणाऱ्यांशीही बोलले. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होणारे अत्याचार त्यांच्या अहवालाने उघड केले. मे 2018 अखेर गुन्हा नोंदला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवले. ते काम विद्यार्थ्यांचे नव्हते, मुरलेल्या कार्यकर्त्यांचे होते. पण ऐकण्याची शिस्त तीच, जी पहिल्या वर्षाची मुले गोवंडीच्या गल्लीत गिरवतात. तिथे अभ्यास काटेकोर होता, म्हणून तर तो न्यायालयात टिकला.

या वाटेने सगळेच परत वर्गात येत नाहीत, हेही सांगायला हवे. मेधा पाटकर याच संस्थेच्या विद्यार्थिनी. त्यांची पीएच.डी. अर्धी राहिली आणि त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या. आमच्या मुलीच्या अम्मीला हे कळले तेव्हा ती घाबरलीच. "सर, आमची डिग्री तरी पूर्ण करू द्या हो तिला!"

डिग्री पूर्ण झाली. निबंध जमा झाल्यावर मुलीने एक काम केले, जे अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेले नव्हते. इंग्रजी निबंधाचा सार तिने सहा पानांत सोप्या उर्दूत आणि हिंदीत उतरवला आणि त्याच गल्लीत, दुपारच्या फुरसतीत, बायकांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी बायकांनी तिला अडवले. एका तक्त्यात तिने 'घरकाम' लिहिले होते. "आम्ही जरी लावतो, पीस मोजून पैसे घेतो, ते काम नाही का?" तिने तिथल्या तिथे पेनने दुरुस्ती केली. मूळ निबंध तर जमा झालेला. चूक तिथे तशीच आहे आणि तिला ती अजून खुपते.

आता तिला याच प्रश्नावर पीएच.डी. करायची आहे. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप असती तर आधार झाला असता. ती 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. इतर योजनांशी ती जुळते, असे कारण सरकारने दिले. महाराष्ट्रात 2024 मध्ये मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली आहे. ज्यांच्या घरात पदव्युत्तर शिकणारी मुले आहेत त्यांनी तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. तोवर ही मुलगी सकाळी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि शनिवारी गोवंडीला जाते.

मागच्या महिन्यात अब्बू पुन्हा आले. या वेळी चहा घेतला. कप खाली ठेवत म्हणाले, "मोहल्ल्यातल्या एका बेवा बाईचे रेशनकार्ड अडले आहे. पोरीला विचारून सांगाल का, अर्जात नेमके काय लिहायचे?"