यानामागचे तारे आले कुठून?

नव्वदच्या दशकात कल्याणजवळच्या आंबिवली-मोहने भागात ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता, त्यांच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ‘टीव्ही गेम’ हमखास यायचा. एनआरसीचा भोंगा तेव्हा चालू होता (कारखान्याला टाळं लागलं ते २००९ मध्ये), बोनस हातात पडायचा आणि शहाडच्या पलीकडे उल्हासनगरचा बाजार होता. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला अशा बाजारांतून घरोघर पोचल्या. सोबत पिवळी कॅसेट. तिच्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत खरे खेळ दहा-वीस, बाकी त्यांचीच नावं फिरवून फिरवून. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकायची, परत बसवायची. श्रेय फुंकरीला जायचं, खरं काम व्हायचं ते पट्टी पुन्हा नीट टेकल्यामुळे.

मारिओ, कॉन्ट्रा आणि ‘टँक’च्या गर्दीत यानाचा एखादा खेळ असायचाच. बहुतेकदा गॅलॅक्सियन, नाहीतर त्याचं धाकटं भावंड गॅलागा. खाली आपलं यान, वर शत्रूंची रांग आणि मागे काळ्या पडद्यावरून खाली सरकणारे रंगीत ठिपके. त्या ठिपक्यांकडे कोणी बघत नसे. आजच्या अंतराळ-खेळांनी जुन्या खेळांकडून काय घेतलं हे सांगताना लोक बंदुका, ‘लाइफ’ आणि स्कोअर यांची यादी करतात. माझ्या मते सगळ्यात मोठं कर्ज त्या ठिपक्यांचं आहे.

पहिलं आकाश मात्र लवकरच अगदी खरं झालं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार केला. दोन यानं, मधोमध एक तारा आणि त्या ताऱ्याची ओढ. मागचे ठिपके रसेलने मनाला येतील तसे टाकले होते. पीटर सॅमसन या त्याच्या सहकाऱ्याला ते खटकलं. त्याने खगोलीय पंचांग पुढ्यात घेऊन खऱ्या ताऱ्यांची स्थानं संगणकात भरली. खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा साडेबावीस-साडेबावीस अंशांचा पट्टा, त्यातले तेजाच्या पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे, तेजस्वी तारा पडद्यावरही अधिक उजळ. या करामतीला त्याने ‘महागडं तारांगण’ असं थट्टेचं नाव दिलं. यंत्राची किंमत एक लाख वीस हजार डॉलर होती हे लक्षात घेता नाव काही खोटं नव्हतं.

त्या पट्ट्यात आपल्या ओळखीची पुष्कळ मंडळी येतात: व्याध, रोहिणी, मृगाचा सबंध चौकोन, मघा, चित्रा, श्रवण, स्वाती. ज्येष्ठा तेवढी सव्वीस अंश दक्षिणेला असल्यामुळे थोडक्यात हुकते. स्वातीची गंमत आणखी वेगळी. तिची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे १९ अंश उत्तर आणि आंबिवलीचा अक्षांश सव्वाएकोणीसच्या आसपास. म्हणजे मेच्या मध्यावर रात्री अकरा-साडेअकराला स्टेशनच्या पुलावर उभं राहून सरळ वर पाहिलं, तर एमआयटीच्या पडद्यावरचा तो तारा जवळपास आपल्या टाळूवर असतो. कल्याणच्या दिव्यांतूनही तो दिसतो. पाचव्या प्रतीच्या ताऱ्यांसाठी मात्र गाडी बदलून वांगणी गाठावी लागते.

खरं आकाश साठवायचं तर मेमरी लागते, आणि खेळ जेव्हा विद्यापीठातून नाणं टाकायच्या कपाटांत आले तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाने होती. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादोने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला, त्यात आकाश संगणकाला काढावंच लागलं नाही. उभ्या कपाटात चंद्राचं रंगवलेलं चित्र बसवलेलं असे आणि अर्धपारदर्शक आरशामुळे खेळ त्या चित्रावर तरंगल्यासारखा दिसे. नाटकाचा पडदाच तो. (या खेळातले ५५ शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने धावतात, संगणक एका वेळी एकालाच हलवत असल्यामुळे तसं आपोआप घडायचं. ही गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून पुढे जाऊ.) १९७९ च्या ‘ॲस्टरॉइड्स’मध्ये तर तारेच नव्हते. नुसता काळोख, त्यात दगड.

त्याच वर्षी जपानच्या नाम्को कंपनीने गॅलॅक्सियन आणला. पार्लरमधल्या त्या मूळ यंत्रात तारे साठवले नव्हते, रंगवलेही नव्हते. ते चक्क मोजून काढले जात होते, तेही प्रोग्रॅमशिवाय, बोर्डावरच्या चिपांतून. रचना अशी: एका ओळीत १७ खण, प्रत्येकात शून्य किंवा एक. ठोका पडला की सगळे आकडे एक खण पुढे सरकतात आणि शेवटचा बाहेर पडतो. रिकाम्या झालेल्या पहिल्या खणात काय भरायचं ते दोन ठरावीक खणांतले आकडे सारखे आहेत की वेगळे, यावरून ठरतं. बस्स. एवढ्याशा नियमातून शून्य-एकची जी माळ निघते तिच्यात डोळ्यांना कुठलाही क्रम सापडत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते १,३१,०७१ ठोक्यांनंतर, म्हणजे दोनाच्या सतराव्या घातातून एक वजा केल्यावर येते त्या संख्येनंतर. टीव्हीचा किरण पडद्यावरून फिरत असताना ही माळ शेजारी चालू ठेवायची. काही ठरावीक खणांत हवे ते आकडे जुळून आले की त्या जागी ठिपका पेटवायचा आणि त्याचा रंगही खणांतल्या आकड्यांवरूनच ठरवायचा.

पण तारे सरकतात कसे? मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. पडद्यावरचं एक चित्र पुरं होईपर्यंत पडणारे ठोके आणि माळेचं चक्र यांची संख्या जवळजवळ सारखी आहे, पण तंतोतंत नाही. फरक एका ठोक्याचा. त्यामुळे पुढच्या चित्रात प्रत्येक तारा एक ठिपकाभर सरकलेला असतो. सेकंदाला सुमारे साठ चित्रं. आकाश धावू लागतं आणि ते धावावं म्हणून वेगळं असं काहीच करावं लागत नाही.

विज्ञानाच्या कसोटीला हे धावतं आकाश अर्थातच टिकत नाही. यान कितीही पळालं तरी तारे असे मागे पडत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये न्यू होरायझन्स यान पृथ्वीपासून जवळजवळ ७०० कोटी किलोमीटरवर होतं. तिथून त्याने प्रॉक्सिमा सेंटॉरी आणि वुल्फ ३५९ या दोन शेजारी ताऱ्यांचे फोटो काढले आणि पृथ्वीवरून घेतलेल्या फोटोंशी ताडून पाहिले, तेव्हा कुठे ते दोघे किंचित हललेले दिसले. पाठीमागचे तारे होते तिथेच. तरीही काहीच सरकत नसेल तर आपण चाललो आहोत हे खेळणाऱ्याला कळायचं कसं? आजच्या मोठ्या खेळांतही यानाच्या काचेसमोरून धुळीचे कण झरझर जाताना दिसतात ते याचसाठी. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये ते कण होते, आणि प्रोग्रॅममध्ये त्यांचं नावच ‘तारकाधूळ’ होतं.

एलिटपाशी थोडं थांबायला हवं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिला. मेमरी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा शुभ सकाळचा फोटो याहून मोठा असतो. एवढ्या जागेत त्यांना आठ आकाशगंगा बसवायच्या होत्या, प्रत्येकीत २५६ सूर्यमाला, आणि प्रत्येक मालेला नाव, जागा, राज्यव्यवस्था, बाजारभाव. एकूण २०४८ जगं. साठवणं अशक्यच होतं. त्यांनी फक्त तीन संख्या ठेवल्या: २३११४, ५८४ आणि ४६९३१.

वही-पेन्सिल असेल तर पुढचं घरी करून पाहता येईल. तिन्हींची बेरीज ७०६२९. संगणकाच्या त्या खणात ६५५३५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, म्हणून ६५५३६ वजा होऊन उरतात ५०९३. आता पहिली संख्या टाका. नवं त्रिकूट झालं ५८४, ४६९३१, ५०९३. असं चारदा केलं की पुढच्या सूर्यमालेचं त्रिकूट हाती येतं. या संख्यांचेच तुकडे पाडून ग्रहाचं स्थान काढायचं, त्यांच्यातूनच दोन-दोन अक्षरांच्या जोड्या निवडून नाव बनवायचं. सुरुवातीच्या त्रिकुटातून ‘टिबेडाइड’ नावाचं जग निघतं. खेळ जिथून सुरू होतो तो ‘लावे’ ग्रहही याच रांगेत थोडा पुढे उभा आहे. आकाशगंगा बदलायची तर त्रिकुटातला प्रत्येक बाइट एका घराने गोल फिरवायचा. बाइटमध्ये घरं आठ, म्हणून आठ उड्यांनंतर माणूस परत पहिल्या आकाशगंगेत.

मागच्या काही संख्या मिळवून पुढची काढण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नारायण पंडिताने १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त अशा पंक्ती मांडल्या. म्हणून कोणी व्हिडिओ गेम आमच्या ग्रंथांत होता असं म्हणू नये. पंडिताला बेरीज हवी होती, ब्रेबेन-बेलना बेरीज विसरून जाऊन जग हवं होतं.

या युक्तीत एक धोका असतो. जगं कोणी एकेक करून घडवलेली नसल्यामुळे आत काय निघेल ते आधी ठाऊक नसतं. एका आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव असभ्य इंग्रजी शब्द होऊन बसलं. एकच नाव बदलायची सोय नव्हती, कारण नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं. ती अख्खी आकाशगंगा फेकून द्यावी लागली, असं ब्रेबेन सांगतो. खरं तर दोघांना आठ नव्हे, तर दोनाचा ४८ वा घात इतक्या, म्हणजे २८१ लाख कोटी आकाशगंगा द्यायच्या होत्या. प्रकाशकाने अडवलं. त्याचं बरोबर होतं: इतकी जगं दाखवली की ती सगळी एकाच साच्यातली आहेत हे उघडं पडतं.

हा इशारा ३२ वर्षांनी खरा ठरला. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला तो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह घेऊन. दोनाचा ६४ वा घात. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या माणसाची गोष्ट आठवते? त्याच्या एकूण दाण्यांपेक्षा इथे बरोबर एक जास्त. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी सगळे बघायला सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील आणि विश्वाचं वय आहे १,३८० कोटी. रीत एलिटचीच, फक्त आता सुरुवातीच्या संख्येतून, म्हणजे बीजातून, डोंगर, गवत, प्राणी आणि आभाळाचा रंगही निघतो. ग्रहावर तुम्ही उतरता तेव्हा तो ‘मोजला’ जातो. निघून गेलात की पुसला जातो. वर्षाने परत या, तोच डोंगर तिथेच, कारण बीज तेच. तरीही पहिल्या महिन्यात खेळणारे चिडले. दहाव्या ग्रहानंतर अकरावा ओळखीचा वाटू लागला होता. तो बनवणाऱ्या कंपनीने पुढची अनेक वर्षं फुकट भर घालून तो खेळ सावरला.

आपल्या भागातल्या कामाकडे पाहिलं तर पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने नाम्कोच्याच पॅक-मॅनच्या मोबाइल अवतारावर काम केलं आणि २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. त्याची लढाई विरलोक नावाच्या परग्रहावर चालते. ग्रह परका असला तरी नकाशा ठरलेला. लढाईच्या खेळाला तेच सोयीचं, कोपरान् कोपरा पाठ असल्याशिवाय चुरस येत नाही. संख्येतून ब्रह्मांड काढणारा मराठी माणसांचा खेळ अजून यायचा आहे, आणि त्याला भांडवलापेक्षा गणित जास्त लागेल.

ब्रेबेनने स्वतः २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ काढला तेव्हा सॅमसन आणि गॅलॅक्सियन असे दोन्ही रस्ते एकत्र आले. आपली आकाशगंगा खऱ्या आकाराची: ४०,००० कोटी सूर्यमाला. त्यातले दीड लाखाहून जास्त तारे खऱ्या तारकासूचींतून घेतलेले, बाकीचे गणिताने भरलेले. पण हे भरणं निव्वळ फाशांचं नाही. अमुक भागात एकूण वस्तुमान किती, ज्ञात ताऱ्यांनी त्यातलं किती खाल्लं, उरलेल्यातून कोणत्या जातीचे तारे आणि ग्रह बनतील, असा हिशेब त्यात आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नासाने जाहीर केलं की सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह आहेत. हा तारा कुंभ राशीत आहे, सॅमसनच्या पट्ट्याच्या आतच. फक्त इतका अंधुक की पाचव्या प्रतीच्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. एलिट डेंजरसमध्ये शोध घेतला, तर जवळपास त्याच जागी गणिताने आधीच एक थंड, मंद तारा ठेवलेला निघाला, भोवती खडकाळ ग्रहांसह. याला भाकीत म्हणणं जास्तीचं होईल. असे मंद तारे आकाशगंगेत सगळ्यात जास्त आहेत आणि सूर्याच्या शेजारी वस्तुमानाचा हिशेब बराच नेमका लागतो, तेव्हा एखादा नेम बसायचाच. खेळ बनवणाऱ्यांनी मग त्या ताऱ्याचं नाव बदललं आणि त्याचे ग्रह शास्त्रज्ञांच्या आकड्यांप्रमाणे दुरुस्त करून घेतले.