गाडी दहा मिनिटं थांबते

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का. १९४३ च्या हिवाळ्यातला कुठलाही दिवस घ्या.

पहाटे पाच. स्टेशनातल्या कँटीनचे दिवे लागतात. आज ज्या गावाची पाळी आहे तिथल्या बायका अंधारातच घरून निघाल्यात. पेट्रोलला रेशन, टायरला रेशन, म्हणून एका मोटारीत मावतील तेवढ्या जणी आणि मांडीवर केक. अशी सव्वाशेच्या आसपास गावं आहेत, काही तर शेजारच्या कोलोरॅडोतली. केकमधली साखरही रेशनचीच. ती वाचवायला घरच्यांनी किती दिवस बिनसाखरेची कॉफी प्यायली असेल कोण जाणे.

सात. अंडी सोलणं. पुढे १९४५ च्या एकट्या मार्चमध्ये इथे तीस हजारांवर उकडलेली अंडी खपली. गार पाण्यात टाकलं की साल सुटतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण शंभराव्या अंड्यानंतर बोटं हुळहुळायला लागतात.

साडेआठ. निरोप येतो : कॉफीचं भांडं चढवलंय. सैनिकांच्या गाड्यांच्या वेळा गुप्त, म्हणून ही सांकेतिक भाषा. अर्थ एवढाच, की गाडी येतेय.

आणि येते. वाफेच्या इंजिनाला पाणी हवं, वंगण हवं; त्याला लागतात दहा, फार तर पंधरा मिनिटं. कर्जतला घाट चढायला मागून इंजिन जोडेपर्यंत बटाटेवडा गाठणारे आपण. आपल्याला हे गणित समजावून सांगायला नको. इथे फरक एवढाच, की पैसे कुणी घेत नाही. पोरं धावत आत शिरतात, वीस वर्षांची, काही त्याहून लहान. सँडविच, दूध, कॉफी, मासिकं. एक जण खिशात हात घालतो, समोरची बाई मान हलवते. कुणाचा वाढदिवस आहे का, असं विचारलं जातं. हात वर झाला की अख्खा केक त्याच्या हाती. असे वीसेक केक रोज जातात. तारीख कुणी तपासत नाही, आणि तेच बरं. काळ्या सैनिकांना त्या काळी कित्येक ठिकाणी दारातच अडवत. इथे त्यांनाही तीच कॉफी, तोच केक. शिटी होते. खोली रिकामी. टेबलावर चुरा.

असं दिवसातून किती वेळा? कधी कधी वीसहून अधिक गाड्या. रोजची पोरं तीन ते पाच हजार, आणि गावाची वस्ती बारा हजारांची!

दुपारी जरा उसंत. नव्या आलेल्यांना जुन्या जणी तीच गोष्ट सांगतात. १७ डिसेंबर १९४१. आपल्या नेब्रास्काच्या सैनिकांची डी कंपनी येणार म्हणून गाव खाऊ घेऊन फलाटावर जमलं. गाडी आली ती कॅन्ससच्या डी कंपनीची. क्षणभर सगळे अवघडले, मग खाऊ त्याच पोरांना वाटून टाकला. गर्दीत दुकानात काम करणारी सव्वीस वर्षांची रे विल्सन होती. तिनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : प्रत्येक गाडीसाठी हे करूया. नाताळच्या दिवशी काम सुरूही झालं आणि रेल्वेनं स्टेशनातली बंद खाणावळ वापरायला दिली. माझ्या मते सगळ्याचं मूळ त्या चुकीच्या गाडीत आहे. बरोबर गाडी आली असती तर आपापल्या मुलांना भेटून लोक घरी गेले असते.

चार. जखमींची गाडी. खाली उतरता न येणाऱ्यांसाठी मुली टोपल्या घेऊन फलाटावरून धावतात.

संध्याकाळी मक्याच्या लाह्यांचे लाडू. त्यांत मुलींनी आपलं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी दडवलेली असते. काही पत्रव्यवहार लग्नापर्यंत गेले. आया हे बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांतल्या काहींचे मुलगे लढाईवरून परतणार नाहीत हे गावाला माहीत आहे. त्यांना कॉफी ओतण्याचंच काम हवं असतं, कारण तिथे पोरांचे चेहरे जवळून दिसतात.

मध्यरात्र उलटते. शेवटची गाडी गेली. कप धुवायचे, फरशी पुसायची, रिकाम्या टोपल्या मोटारीत टाकायच्या. घर लांब आहे आणि रस्त्यावर बर्फ. उरलेला पाव सकाळी येणाऱ्या गावासाठी फडक्यात गुंडाळून ठेवलाय.