कळांनीं बाण हलविणें

संगणकाच्या पडद्यावरील बाण माऊसनेंच हलवावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनीं 1968 सालीं सान फ्रान्सिस्को येथें माऊस लोकांपुढें मांडला, तेव्हां त्यांच्या डाव्या हाताखालीं पांच कळांचा एक निराळा संचहि होता. माऊस राहिला, तो संच आपण विसरलों.

साठी उलटलेल्या, हात कांपणाऱ्या माणसास बारीक चौकोनावर बाण स्थिर करणें ही शिक्षाच होय. आमच्या किन्हीराजाकडेहि आतां पुष्कळ कामें पडद्यावरच उरकावीं लागतात.

लिनक्सवर मायकेल स्टापेलबर्ग यांनीं 2009 सालीं आरंभिलेली 'आय-थ्री' ही व्यवस्था आहे. तींत खिडक्या फरश्यांप्रमाणें एकमेकींस लागून बसतात. त्यांतून फिरावयास कळाच पुरतात. अडचण येते ती एखाद्या खिडकीच्या आंत नेमकी टिचकी मारतांना.

येथें जॉर्डन सिसेल यांचें 'कीनॅव्ह' कामास येतें. कंट्रोल व अर्धविराम एकत्र दाबले कीं सबंध पडद्याभोंवतीं चौकट उमटते. 'एच'नें तिचा डावा अर्धा भाग उरतो, 'एल'नें उजवा, 'के'नें वरचा, 'जे'नें खालचा. गणित पाहा : 1366 ठिपके रुंदी सात वेळां निमपट केली कीं सुमारें 11 उरतात, 768 ठिपके उंची सहा वेळां केली कीं 12. तेरा कळांत बारीकसें बटणहि सांपडलें! चौकट प्रथम चालू खिडकीपुरती केली, तर त्यांतल्याहि कांहीं वांचतात. शेवटीं स्पेस दाबतांच बाण मधोमध जाऊन टिचकी मारतो.

अंकांच्या कळांनीं बाण ढकलण्याची जुनी सोय आहे, पण ती फार संथ. 'कीनॅव्ह' मात्र एक्स-इलेव्हनवरच चालतें, वेलँडवर नाहीं. तेव्हां बसविण्यापूर्वीं तेवढें पाहून घ्यावें.