अंतिम निकालाआधीच ठरलेला ताबा

आईवडील वेगळे झाल्यावर मूल कोणाकडे राहणार, हे न्यायाधीश अंतिम निकालात ठरवतात, असा आपला समज असतो. पुष्कळदा ते त्याआधीच ठरून गेलेलं असतं. घर सोडताना मूल ज्याच्याकडे राहिलं, त्याच्याकडेच ते तारखा पडत असताना वाढतं. शाळा, मित्र, झोपायची जागा, सगळं तिथलंच होतं. मग निकालाच्या दिवशी न्यायालयापुढे अवघड प्रश्न येतो: रुळलेल्या मुलाला आता हलवायचं कसं? म्हणून ताब्याच्या वादात खरं महत्त्व पहिल्या काही आठवड्यांतल्या अंतरिम आदेशाला आहे, आणि आपल्या कायद्याने नेमकं तेच मोकळं सोडलं आहे.

कसोटीबद्दल वाद नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्ही मुलाच्या हितावर बोट ठेवतात. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, असंही 1956 चा कायदा सांगतो. तरीही गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या केवळ अंतरिम ताब्याचा वाद मडगावच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. आई अपात्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांची, असं 2015 मध्ये तिथे स्पष्ट झालं, तेव्हा कुठे आईच्या बाजूचा मूळ आदेश पुन्हा लागू झाला. 2017 च्या दुसऱ्या प्रकरणात मुलगी एकवीस महिन्यांची असल्यापासून वडिलांकडे होती. निकालावेळी ती आठेक वर्षांची होती आणि तिला वडिलांकडेच राहायचं होतं. आईचा सहवासच मिळाला नाही, तर मुलीची पसंती मोकळी कशी मानायची, असा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने तिला आईकडे सोपवलं. निकाल योग्यच होता. पण मधली वर्षं त्या मुलीला कोण परत देणार?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये 2001 साली एक तरतूद आली. मुलांच्या पोषणखर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं ती म्हणते. ताबा आणि भेट यांना ही मुदत नाही. फीचा प्रश्न तातडीचा आणि आईच्या किंवा बापाच्या सहवासाचा नाही, हे मला पटत नाही.

घाईत मूल हिंसक पालकाच्या हाती जाईल, ही भीती रास्त आहे, आणि छळ सोसलेल्या बाईला ती क्षुल्लक वाटूच शकत नाही. मात्र लवकर आदेश देणं म्हणजे डोळे झाकून ताबा देणं नव्हे. ‘दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांसमोर, दोन तास’ असाही आदेश निघू शकतो. धोका नसेल तिथे भेटी वाढवता येतात. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2020 मध्ये म्हटलं आहे. शिवाय ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हे 1973 पासून मान्य आहे. चुकलेला आदेश दुरुस्त होतो. आदेशच नसेल, तर मूल ज्याच्या हाती त्याचीच मर्जी चालते.

न्यायाधीश कमी आणि खटले जास्त, ही अडचण खरी आहे. तरीही रांगेत आधी कोणाला घ्यायचं, हे ठरवता येतं. कलम 26 मधली साठ दिवसांची मुदत ताबा आणि भेटीच्या अर्जांनाही लागू करावी. संसदेने एवढी दुरुस्ती करेपर्यंत कौटुंबिक न्यायालयांनी ती स्वतःहून पाळायला हरकत नाही.