एका दिवसाचे आयुष्य, वर्षभराचे बालपण

दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत मे-माशीची असंख्य पिल्ले वाढतात. त्यांतील अनेकांची ओळख विज्ञानाला दीर्घकाळ नव्हती. ती पटवून घेण्यासाठी शास्त्रज्ञ एवढी खटपट का करतात?

आयुष्य किती क्षणभंगुर आहे हे सांगताना आपण पाण्याच्या बुडबुड्याची उपमा देतो. युरोपात त्यासाठी एका किड्याचे नाव घेतात. हा किडा म्हणजे मेफ्लाय, अर्थात मे-माशी. माशी म्हटले तरी आपल्या घरात घोंघावणाऱ्या माशीशी तिचे नाते नाही. जाळीदार नाजूक पंख, सडपातळ शरीर आणि शेपटीला दोन किंवा तीन लांब तंतू असे तिचे रूप असते. संध्याकाळी नदीकाठी या माश्यांचे थवे उडतात, त्यांचे मीलन होते, माद्या पाण्यात अंडी घालतात आणि बहुतेक जातींत एकदोन दिवसांतच सारा खेळ आटोपतो. एवढ्या घाईत जेवायला वेळ कुठला? निसर्गाने तिला खाण्यायोग्य तोंडच दिलेले नाही! म्हणूनच तिच्या गणाचे शास्त्रीय नाव 'एफेमेरॉप्टेरा' असे पडले. ग्रीक भाषेत 'एफेमेरॉस' म्हणजे एका दिवसापुरता.

पण ही झाली अर्धीच कथा. मे-माशीचे खरे आयुष्य या एका दिवसाच्या आधीचे असते आणि ते पाण्याखाली जाते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू काही आठवडे, अनेक महिने, तर काही जातींत वर्ष-दोन वर्षे पाण्यात वाढते. या पिल्लाला 'निम्फ' म्हणतात. ग्रीक पुराणकथांत झऱ्यांत आणि वनांत राहणाऱ्या देवतांचे हे नाव. या काळात बहुतेक जातींची पिल्ले १५ ते २५ वेळा कात टाकतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले असतात, त्यांतून ती श्वास घेतात. दगडांवरचे शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा हा बहुतेकांचा आहार. शेवटी निम्फ पाण्याबाहेर येते, कात टाकते आणि तिला पंख फुटतात. तरीही ती पूर्ण प्रौढ झालेली नसते. पंखांसकट आणखी एकदा कात टाकल्यावरच ती प्रौढ होते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कोणताही कीटक आज पृथ्वीवर नाही.

आईबाप माहीत, मूल अनोळखी

गंमत अशी, की कीटकशास्त्रज्ञांनी पुष्कळ काळ या माशीला तिच्या त्या एका दिवसावरूनच ओळखले. दिव्याभोवती जमलेल्या माश्या पकडणे सोपे. १९व्या आणि २०व्या शतकाच्या आरंभी प्रवासी आणि संग्राहक दक्षिण अमेरिकेतून असे वाळवलेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांना पाठवत. तिथले पंडित नराचे पंख आणि जननेंद्रिये तपासून नव्या जातीला नाव देत. पाण्यातले पिल्लू मात्र तिथेच राहून जाई. इंग्लंडमधील धर्मोपदेशक अल्फ्रेड एडविन ईटन यांनी १८८३ ते १८८८ या काळात मे-माश्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी निम्फांची देखणी चित्रे आवर्जून दिली. परंतु असे जाणकार थोडेच होते.

पिल्लू आणि प्रौढ यांच्या रूपात किती अंतर असू शकते याचा एक नमुना फ्रान्समध्ये मिळाला. १७६२ साली जोफ्रुआ यांनी तिथल्या एका जलचराचे वर्णन केले. पाठीवर ढालीसारखे कवच पाहून त्यांना तो खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला वाटला. तो कवचधारी नसून एका मे-माशीचे पिल्लू आहे, हे पक्के व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

दक्षिण अमेरिकेत पाण्यातल्या पिल्लांकडे लक्ष देणाऱ्यांत जेम्स नीडहॅम आणि हेलन मर्फी हे अमेरिकी अभ्यासक होते. त्यांची या विषयावरची पुस्तिका १९२४ मध्ये निघाली. पुढे १९३० मध्ये लेस्ताज यांनी चिलीतील एका मे-माशीला 'मर्फिएला नीडहॅमी' हे नाव दिले. दोघांचीही आठवण एकाच नावात! या माशीचे पिल्लू मोठे विलक्षण आहे. इतर निम्फांना पोटावर कल्ले असतात, हिला तिथे एकही नाही. आणि हिचे जवळचे नातलग कुठे आहेत म्हणाल, तर थेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. हे भूभाग एके काळी एकाच महाखंडात जोडलेले होते. त्या महाखंडाला भूशास्त्रात 'गोंडवन' म्हणतात आणि हे नाव आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे.

ओळख पटवायची कशी?

एखाद्या निम्फचे वर्णन करायचे म्हणजे नेमके काय करायचे? पहिला प्रश्न असतो, हे मूल कुणाचे? त्यासाठी शास्त्रज्ञ ओढ्यात उतरतात, दगड उलटतात, जाळी लावतात. ज्या निम्फच्या पाठीवरचे पंखांचे कोष काळपट झाले आहेत, ती लवकरच पंख धारण करणार हे ते ओळखतात. अशी निम्फ जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, वाहत्या गार पाण्यात जपून ठेवतात. पाणी तापले किंवा त्यातला प्राणवायू कमी झाला, की ती दगावते. माशी बाहेर पडून प्रौढ झाली, की ती आणि तिने टाकलेली कात एकाच कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवतात. ही कात म्हणजे जणू जन्माचा दाखला. कातीवरून मूल कळते आणि माशीवरून घराणे!

मग सूक्ष्मदर्शकाखाली काम सुरू होते. वरचा ओठ, जबडे, जीभ, पायांची नखे, त्या नखांवरचे दाते आणि प्रत्येक कल्ल्याचा आकार यांची मोजमापे घेऊन चित्रे काढतात. हे सगळे काही मिलिमीटर लांबीच्या जिवाचे! एखाद्या दात्याचा फरकही दोन जाती वेगळ्या ठरवू शकतो. २००३ पासून या कामाला डीएनए बारकोडची मदत मिळू लागली आहे. पिल्लू आणि प्रौढ यांच्या जनुकाचा ठरावीक तुकडा जुळला, तर पिंजऱ्यात न वाढवताही नाते सांगता येते. मात्र ते पिल्लू दिसते कसे, हे लिहून ठेवल्याशिवाय नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला ते ओळखता येत नाही.

अर्जेंटिनातील तुकुमान येथील एडुआर्दो दोमिंगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या मे-माश्यांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रौढांबरोबरच निम्फ ओळखण्याच्या किल्ल्याही त्यात दिल्या आहेत. एका संपूर्ण खंडातील या विखुरलेल्या संसाराची जणू ही शिधापत्रिकाच! आणि तिच्यात नव्या नावांची भर अजूनही पडतेच आहे.

तऱ्हेतऱ्हेचे संसार

या पिल्लांच्या राहणीतले वैविध्य पाहिले, की मन थक्क होते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील 'अ‍ॅस्थेनोपस' निम्फ पाण्यात बुडालेल्या लाकडात सुळ्यांनी बोगदा पोखरते आणि त्यात बसून पाण्यातले अन्नकण गाळून खाते. 'लाक्लानिया' निम्फ खळाळत्या प्रवाहात दगडाला घट्ट धरून बसते आणि पुढच्या पायांवरच्या लांब केसांची चाळणी करून अन्न पकडते. 'कॅम्पसुरस' निम्फ नदीतळाच्या चिखलात बीळ करते.

ही पिल्ले परिस्थितीही ओळखतात. व्हेनेझुएलातील अँडीज पर्वतात अलेक्झांडर फ्लेकर यांनी केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाहाबरोबर वाहत निम्फ एका दगडावरून दुसऱ्यावर जातात. ज्या उंचावरच्या झऱ्यांत मुळी मासेच नव्हते, तिथे त्या दिवसा आणि रात्री सारख्याच प्रमाणात वाहत होत्या. जिथे मासे होते, तिथे मात्र त्या अंधार पडल्यावर निघत. बाहेरून आणून ट्राउट मासे सोडलेल्या झऱ्यांतही हाच रात्रीचा रिवाज दिसला.

नदीची नाडीपरीक्षा

आता कुणी विचारील, या सगळ्याचा माणसाला उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो आपल्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे.

पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली, तर ते पाणी त्या घटकेला कसे होते एवढेच कळते. कारखान्याने काल रात्री विष सोडले असेल आणि सकाळपर्यंत ते वाहून गेले असेल, तर बाटली गप्प राहते. निम्फ मात्र महिनोन्‌महिने त्याच पाण्यात श्वास घेत असते. प्रदूषण सोसले नाही, की ती नाहीशी होते. कोलंबियात गॅब्रिएल रोल्दान यांनी १९८८ मध्ये अँटिओकिया प्रांतातील अशा जलचरांची ओळखपुस्तिका काढली. पुढे इंग्लंडमधील गुणपद्धती त्यांनी आपल्या नद्यांना लागू केली. स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्या कुळाला दहापैकी दहा गुण, घाणीतही तगणाऱ्या किड्याला एक किंवा दोन. गुणांची बेरीज केली, की नदीची प्रकृती कळते. यात वरचे गुण मिळवणाऱ्यांत मे-माश्यांची कुळे आहेत.

परंतु एकाच कुळातल्या सगळ्या जाती सारख्या नाजूक नसतात. एखादी थोडी घाण सोसते, दुसरी लगेच मरते. हा भेद करायचा तर प्रत्येक पिल्लाची वेगळी ओळख हवी. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्राझीलमध्ये मारियाना येथे लोहखाणीच्या गाळाचे धरण फुटले. १९ माणसे मृत्युमुखी पडली आणि तो चिखल दोसे नदीतून शेकडो किलोमीटर वाहत अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचला. अशा वेळी नदीने काय गमावले हे सांगायला आधीची नोंद लागते. ज्याचे नावच कुठे लिहिलेले नाही, ते हरवल्याची फिर्याद कोण करणार?

दवाखान्यात मुलाचे वजन-उंची नोंदवून ठेवतात, ते केवळ हौसेखातर नसते. पुढे काही बिघडले तर कळावे म्हणून ती नोंद असते. दक्षिण अमेरिकेतील हे अभ्यासक एका इवल्या पिल्लाचे ओठ, नखे आणि कल्ले चितारत बसतात, तेव्हा तेही असाच एक कागद तयार करत असतात. त्यावर नाव माशीचे असते, पण प्रकृती नदीची लिहिलेली असते.