शेजारी पिऊन गाडी चालवतो, तेव्हा...

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका बाईंनी पट्टा दंडावर असतानाच विचारले, "डॉक्टर, आमच्या शेजारचे रोज रात्री पिऊन गाडी घेऊन येतात. गल्लीत पोरं असतात. सांगावं तर वाईटपणा, न सांगावं तर जीव टांगणीला. आम्ही काय करायचं?" त्यांचा रक्तदाब वाढलेला होता. मी गोळी लिहून दिली, पण प्रश्नाचे उत्तर लगेच दिले नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतः बरीच वर्षे टाळला होता.

आमच्या शेजारच्या गृहस्थांना आपण आबा म्हणू. मनाने मोठा माणूस. अडचणीला सर्वांत आधी धावणारा. पंधरा वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. रिक्षा मिळेना. आबांनी आपली व्हॅन काढली आणि दहा मिनिटांत आम्हांला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरला, पोचवले. वडील वाचले, पुढे चार वर्षे जगले. पण त्या रात्री गाडीत बसताना आबांच्या तोंडाला वास येत होता. मला तो आला होता. तरीही मी, डॉक्टर असून, आजारी वडिलांना घेऊन त्या गाडीत बसलो.

नंतर आबा तसेच गाडी चालवत राहिले. उपकाराच्या ओझ्याने मी गप्प राहिलो. गल्लीतले इतर आपापल्या कारणांनी गप्प राहिले.

मागच्या वर्षी एका लग्नाची जेवणावळ झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आबा घरच्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला निघाले. वळणावर समोरून मोटारसायकलवर किटल्या लावलेला दूधवाला आला. त्याने गाडी बाजूला घेतली म्हणून बचावला. दूध रस्त्यावर सांडले, गुडघा फुटला. आबांनीच त्याला माझ्याकडे आणले. मी टाके घालत असताना आबा म्हणाले, "रात्रीची हुती डॉक्टर. आता कुठं काय हाय?" दुधाचे पैसे दिले, प्रकरण मिटले. टाके घालून झाले तरी मी काही बोललो नाही.

सकाळी उरलेली दारू

"रात्रीची होती" या वाक्याचा हिशेब मांडून पाहू. ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलीमागे सुमारे २० मिलिग्रॅम मद्यार्क चढतो. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे असे दोन पेग लागोपाठ घेतले की बहुतेकांची मर्यादा ओलांडली जाते. बायकांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसांत हे प्रमाण आणखी वाढते. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत चार पेगांइतका मद्यार्क असू शकतो. म्हणून "मी फक्त बिअर घेतो" याला काही अर्थ नाही.

आता उतरण्याचे पाहू. मद्यार्काचा निचरा मुख्यतः यकृत करते आणि ते आपल्या गतीनेच करते. तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम. ताक, लिंबू, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जरा जागा होतो. रक्तातली दारू त्यामुळे कमी होत नाही. मटणाच्या जेवणाने दारू चढायला वेळ लागतो, पण पोटात गेलेली शेवटी रक्तात येतेच.

आबांनी त्या रात्री साडेनऊपासून दीड क्वार्टर, म्हणजे २७० मिली घेतली होती. नऊ पेग. त्याचे होतात साधारण १८० मिलिग्रॅम. पहाटे साडेपाचपर्यंत आठ तास झाले. तासाला १५ प्रमाणे १२० वजा केले तर उरले ६०. झोप झाली होती, तोंड धुतले होते, चहा झाला होता आणि तरीही रक्तात मर्यादेच्या दुपटीइतकी दारू होती. प्रत्येकाच्या शरीरानुसार हे आकडे कमीजास्त होतील, म्हणून असा हिशेब करून कोणी गाडीला किल्ली लावू नये. प्यायला असाल तर चालवू नका, एवढाच हिशेब खात्रीचा.

'मला चढत नाही'

रोज पिणाऱ्याची जीभ अडखळत नाही, चाल बिघडत नाही. मेंदूने सवय करून घेतलेली असते. ही सवय धोक्याची. एकाच वेळी आरसा, समोरची सायकल आणि डावीकडून येणारे पोर यांच्याकडे लक्ष ठेवण्याची शक्ती कमी झालेली असते आणि वेगाचा अंदाज चुकतो. उलट आत्मविश्वास वाढलेला असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी ७ मीटर पुढे गेली. आमच्या गल्लीची रुंदी तेवढीही नाही.

वांद्र्याची पहाट

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा या तरुणाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. त्याच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम निघाले. वरच्या हिशेबाने पाहिले तर तासाभरात एक क्वार्टर संपवणारा माणूस जवळजवळ तेथेच पोचतो. सत्र न्यायालयाने २००७ साली ६ महिन्यांची शिक्षा दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती ३ वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या प्रकरणात माझे मन एका गोष्टीपाशी अडते. गाडीत तो एकटा नव्हता, मित्र होते. त्यांच्यापैकी कोणी "थांब, किल्ली दे" म्हणाले असते तर? पण त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. सीपीआरच्या वाटेवर मीही गप्पच बसलो होतो.

बोलायचे केव्हा आणि कसे

दूधवाल्याचे टाके काढले त्या दिवशी मी आबांकडे गेलो. त्या भेटीतून आणि इतकी वर्षे पेशंटच्या घरच्यांकडून जे शिकलो ते सांगतो.

१. रात्री बोलू नका. प्यालेल्या माणसाशी वाद घातला की भांडण होते. शिवाय जास्त घेतली असेल तर मेंदूत आठवण उमटतच नाही, सकाळी त्याला तुमचे बोलणे आठवत नाही. तो शुद्धीवर असताना, एकट्याला गाठून, बसून बोला. चारचौघांत अपमान करू नका.

२. पिण्यावर नको, चालवण्यावर बोला. "दारू सोडा" म्हटले की माणूस दार लावून घेतो. मी म्हणालो, "आबा, तुमच्या पिण्याबद्दल बोलायला मी आलो नाही. स्टिअरिंगबद्दल आलोय."

३. पाहिलेले तेवढेच सांगा. "तुम्ही नेहमीच असे" हे वाक्य टाळा. अमुक दिवशी, अमुक वळणावर काय झाले ते सांगा.

४. दुसरी सोय हातात ठेवा. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर, घरातला न पिणारा मुलगा, किंवा सरळ "मला फोन करा, मी येतो".

५. घरच्यांना कायदा समजावून सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. म्हणून आग्रह करून पाजणाऱ्यांनी आणि वर किल्ली हातात देणाऱ्यांनी सावध असावे. अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते, हेही घरच्यांच्या कानावर घालावे.

आणि त्याच रात्री गाडी निघाली तर?

किल्ली गोडीने मागा, झोंबाझोंबी करू नका. "आज येथेच झोपा" म्हणा. त्या गाडीत स्वतः बसू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका, मग तो माणूस कितीही जवळचा असो. तरीही गाडी निघालीच, तर ११२ क्रमांकावर फोन करून गाडीचा नंबर, रंग, रस्ता आणि दिशा सांगा. आपली गाडी घेऊन पाठलाग करू नका. याला चुगली म्हणणारे भेटतील. गॅसची गळती कळवणाऱ्याला आपण चुगलखोर म्हणतो का?

दारू हेच दुखणे असेल तर

सकाळी हात थरथरणे, थरथर थांबवण्यासाठी सकाळीच घोट घ्यावा लागणे, कमी करायचे ठरवूनही न जमणे, कोणी विषय काढला की चिडणे, ही व्यसनाच्या आजाराची लक्षणे आहेत. याला औषधोपचार आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. सरकारी व्यसनमुक्ती मदतीचा क्रमांक १४४४६ आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करते आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना पैसे पडत नाहीत.

आबांचे पुढे काय झाले?

माझे बोलणे ऐकून आबा संतापले. "तुमच्या वडलांना नेलं तवा वास आला न्हवता व्हय?" असे म्हणाले. मी म्हणालो, "आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. चूक माझी." त्यानंतर तीन महिने त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. समोरून आले की मान वळवत. मला ते फार लागले. पण त्यांच्या मुलाने व्हॅनची किल्ली आपल्याकडे घेतली. गल्लीतल्या आणखी दोघांनी धीर करून तेच सांगितले. मग एका संध्याकाळी बाहेरगावच्या जेवणाला निघताना आबांनी स्वतः रिक्षा बोलावली.

आबांची दारू सुटलेली नाही, हे मी लपवणार नाही. तेवढे यश अजून आले नाही. पण गेल्या दहा महिन्यांत पिऊन ते गाडीवर बसलेले नाहीत, आणि पिऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किल्लीला हात लावत नाहीत. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारले. "लिवा की. गाडीचा नंबर तेवढा घालू नका," म्हणाले.

त्या रक्तदाबाच्या बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येतील. या वेळी त्यांना मी सांगणार आहे, की रात्री खिडकीतून पाहत जागे राहण्यापेक्षा सकाळी चहाच्या वेळी शेजारच्या घरी जा. संबंध बिघडतील याची भीती खरी आहे, पण बिघडलेले संबंध पुन्हा जुळवता येतात. दूधवाला त्या पहाटे एक हात इकडे असता, तर मला टाके घालायची वेळच आली नसती.